चालकाचा विवेक

प्रस्तावना

'घाट' हा शब्द उच्चारताच महाराष्ट्रातील माणसाच्या डोळ्यांसमोर नागमोडी वळणांचा डोंगररस्ता उभा राहतो. काशीच्या माणसाला मात्र नदीत उतरणाऱ्या पायऱ्या दिसतात. प्रस्तुत पाठात हे दोन्ही घाट भेटतील. आधुनिक मोटारीत चालकाचे रक्षण करणारी एक यंत्रणा असते. तरीही अनेक मोटारींत ती बंद करण्याचे बटण निर्मात्यांनीच दिलेले असते. रक्षणकर्ती यंत्रणा बंद करण्याची सोय कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर आपण शोधणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपण –
• स्थैर्य नियंत्रण यंत्रणेचे कार्य स्वतःच्या शब्दांत सांगू शकाल;
• ती केव्हा बंद करावी व केव्हा करू नये, हे सकारण स्पष्ट करू शकाल;
• एकाच शब्दाचे भिन्न अर्थ ओळखून त्यांचा वाक्यांत उपयोग करू शकाल.

मूळ पाठ

१. भोसले घाटापासून रेतीपर्यंत

वाराणसीत गंगेच्या पश्चिम तीरावर भोसले घाट आहे. नागपूरच्या भोसले घराण्याने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो बांधला. दगडी बांधणीची भक्कम वास्तू आणि लक्ष्मीनारायणाचे मंदिर ही त्याची ओळख. नागपूर आणि काशी यांना जोडणारा मार्गही परिचित आहे. २०१० मध्ये महामार्गांचे क्रमांक बदलण्यापूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ७ वाराणसीहून निघून रीवा, जबलपूर, नागपूर असा थेट कन्याकुमारीपर्यंत जात असे.

समजा, नागपूरचे एक कुटुंब भाड्याच्या मोटारीने काशीस गेले. भोसले घाटाच्या पायऱ्यांपर्यंत मोटार पोहोचत नाही. अरुंद गल्ल्यांतून पायीच जावे लागते. दर्शन आटोपल्यावर मंडळींना पैलतीर पाहण्याची इच्छा झाली. पावसाळा सरला की गंगेचे पात्र आक्रसते आणि पूर्व तीरावर रेतीचे विस्तीर्ण मैदान उघडे पडते. पूल ओलांडून ते तेथे गेले. मोटार वळवताना पुढची चाके मऊ रेतीत रुतली. चालकाने वेगवर्धक दाबला. पण जोर वाढण्याऐवजी इंजिन मंदावले. समोरच्या फलकावर पिवळा दिवा लुकलुकू लागला.

"गाडी बिघडली का रे बाबा?" आजींनी काळजीने विचारले.

"नाही आजी. ती आपल्याला जपते आहे, पण इथे तिच्या जपण्याचाच अडथळा होतो आहे," चालक म्हणाला.

त्याच्या या उत्तरात आपल्या पाठाचे मर्म आहे.

२. यंत्रणा काय करते?

चालकाने सुकाणू किती वळवले, चारही चाके किती वेगाने फिरत आहेत आणि मोटार प्रत्यक्षात कोणत्या दिशेला वळते आहे, याची नोंद संवेदक सतत घेत असतात. चालकाला अपेक्षित असलेली दिशा आणि मोटारीची प्रत्यक्ष दिशा यांत फरक पडला, की यंत्रणा एखाद्याच चाकाला ब्रेक लावते आणि गरजेनुसार इंजिनाचा जोरही कमी करते.

पावसाळ्यातील ताम्हिणी घाट डोळ्यांसमोर आणा. ओल्या वळणावर मोटारीचा मागचा भाग बाहेर फेकला जाऊ लागला, तर यंत्रणा वळणाच्या बाहेरील बाजूच्या पुढच्या चाकाला ब्रेक लावते. मोटार न वळता सरळच घसरू लागली, तर आतील बाजूच्या मागच्या चाकाला ब्रेक लागतो. चालकाचा पाय मात्र चारही चाकांना एकत्रच ब्रेक लावू शकतो. निष्णात चालकालाही न साधणारे काम यंत्रणा क्षणार्धात करते.

१९९५ मध्ये बॉश आणि मर्सिडीज-बेंझ यांनी ही यंत्रणा प्रथम बाजारात आणली. अमेरिकेत २०१२ च्या वर्षासाठी बनवलेल्या मोटारींपासून, तर युरोपीय संघात २०१४ पासून सर्व नव्या मोटारींत ती बंधनकारक झाली. भारतात २०२३ मध्ये सुरू झालेल्या 'भारत एनकॅप' या सुरक्षा-मूल्यांकनात तीन किंवा अधिक तारे मिळवण्यासाठी ती आवश्यक आहे.

३. बंद केव्हा करावी?

चाक जागच्या जागी फिरू लागले, की 'पकड सुटली' असे समजून यंत्रणा त्याला आवरते. डांबरी रस्त्यावर हे हितकारक ठरते. मऊ वाळूत, चिखलात किंवा खोल बर्फात मात्र चाक थोडे घसरत फिरल्याशिवाय मोटार बाहेर निघत नाही. अशा वेळी जोर कमी झाला, तर ती तेथेच अडकून राहते. म्हणूनच बटणाची सोय आहे. बर्फावर चाकांना साखळ्या बांधल्या असतानाही काही निर्माते यंत्रणा तात्पुरती बंद करण्यास सुचवतात. बंदिस्त शर्यतमार्गावर प्रशिक्षित स्पर्धक ती बंद करतात. पण सार्वजनिक रस्ता हा शर्यतमार्ग नव्हे.

आपल्या चालकाने काय केले ते पाहा. त्याने सर्वांना उतरवून दूर उभे केले. चाके सरळ करून त्यांच्या पुढची रेती हातांनी उपसली. मग बटण दाबले. 'बंद' असे दर्शवणारा दिवा लागताच त्याने वेगवर्धक अगदी हलके दाबला. मोटार सावकाश बाहेर आली. कठीण जमिनीवर येताच, कोणी आत बसण्यापूर्वी, त्याने पुन्हा बटण दाबून दिवा विझल्याची खात्री केली.

ही शेवटची कृती सर्वांत महत्त्वाची. बहुतेक मोटारींत इंजिन बंद करून पुन्हा सुरू केल्यावर यंत्रणा आपोआप चालू होते. परंतु रेतीतून निघालेला चालक इंजिन बंद न करताच महामार्गाला लागू शकतो. तेथे अचानक गुरे आडवी आली, तर रक्षणकर्ती झोपलेलीच असेल. शिवाय बटणाचे कार्य प्रत्येक मोटारीत सारखे नसते. काहींत ते क्षणभर दाबल्यास केवळ चाकांचे घसरणे आवरणारा भाग थांबतो. पूर्ण यंत्रणा बंद करण्यासाठी ते अधिक वेळ दाबून धरावे लागते. म्हणून मोटारीसोबत मिळालेली माहितीपुस्तिका वाचणे आवश्यक आहे.

४. बंद केव्हा करू नये?

"माझा हात बसलेला आहे, मला यंत्रणेची गरज नाही," असे काही अनुभवी चालक म्हणतात. अनुभव मोलाचा खरा. पण चारही चाकांना वेगवेगळे ब्रेक लावणे मानवी पायाला शक्य नाही. पाऊस, निसरडा रस्ता, डोंगरातील घाट आणि वेगवान महामार्ग येथे यंत्रणा चालूच असावी. दिवा लुकलुकला म्हणजे यंत्रणा काम करीत आहे. तेव्हा वेग कमी करावा. बिघाडाचा दिवा मात्र सतत जळत राहिला, तर मोटार कार्यशाळेत दाखवावी.

यंत्रणेलाही मर्यादा आहेत. गुळगुळीत झालेल्या टायरला ती पकड देऊ शकत नाही आणि अतिवेगाचे दुष्परिणाम पुसू शकत नाही. यंत्र रस्ता ओळखत नाही. केवळ संवेदकांच्या नोंदी ओळखते. रेती कोणती आणि रस्ता कोणता, हे ओळखणे चालकाचेच काम आहे.

शब्दार्थ

सुकाणू – स्टिअरिंग. वेगवर्धक – ॲक्सिलरेटर. संवेदक – सेन्सर. स्थैर्य – स्थिरता. आक्रसणे – आकाराने लहान होणे. निष्णात – अत्यंत कुशल.

भाषाभ्यास

'घाट' शब्दाचे अर्थ पाहा :
(अ) डोंगरातून जाणारा रस्ता – घाटात गाडी सावकाश चालवावी.
(आ) नदीकाठच्या पायऱ्या – घाटावर दिवे लागले.
(इ) आकार, घडण – या तांब्याचा घाट सुंदर आहे.
'घाट घालणे' म्हणजे एखादे काम करण्याचा बेत करणे. याचाही वाक्यात उपयोग करा.

आपण काय शिकलात?

• स्थैर्य नियंत्रण यंत्रणा घसरणाऱ्या मोटारीला चालकाच्या इच्छित दिशेत राखण्यास साहाय्य करते.
• वाळू, चिखल किंवा खोल बर्फात मोटार अडकली, तरच ती तात्पुरती बंद करावी आणि बाहेर पडताच पुन्हा चालू करावी.
• साधन केव्हा वापरावे व केव्हा बाजूस ठेवावे, हे ठरवण्यासाठी विवेक लागतो.

स्वाध्याय

१. "इथे तिच्या जपण्याचाच अडथळा होतो आहे," या चालकाच्या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
२. मोटार बाहेर काढण्यासाठी चालकाने केलेल्या कृती क्रमाने लिहा.
३. यंत्रणा पुन्हा चालू करणे सर्वांत महत्त्वाचे का आहे?
४. आपल्या घरातील किंवा कामावरील एखादे सुरक्षा-साधन घाईत बाजूला ठेवले जाते का? त्याविषयी आठ ते दहा ओळी लिहा.