थायमसविना जन्मलेले मूल

तुमच्या छातीच्या मधल्या हाडामागे, हृदयाच्या किंचित वर, थायमस नावाची एक मऊ ग्रंथी आहे. बालपणी ती चांगली मोठी असते; तारुण्यानंतर आक्रसते आणि तिची जागा चरबी घेते. प्रौढ प्राण्याची थायमस काढली तरी त्याचे फारसे बिघडत नसे. त्यामुळे ती निरुपयोगी असावी, असेच पुष्कळांना वाटे.

१९६१ मध्ये लंडन येथे जाक मिलर यांनी नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची थायमस काढली आणि चित्र पालटले. त्या उंदरांच्या रक्तात लिंफोसाइट या पांढऱ्या पेशी फार कमी आढळल्या. परक्या कातडीचे कलमही त्यांच्या शरीराने नाकारले नाही. पुष्कळ उंदीर जंतुसंसर्गाने अकाली मेले.

निसर्ग क्वचित हाच प्रयोग माणसावर करतो. १९६५ मध्ये अमेरिकेतील अँजेलो डायजॉर्ज यांनी थायमस आणि परावटू ग्रंथी दोन्ही नसलेल्या बालकांकडे लक्ष वेधले. गर्भाच्या घशाजवळच्या एकाच भागातून या ग्रंथी घडतात. म्हणून दोन्ही एकदम हरवतात. परावटू ग्रंथी नसल्याने रक्तातील कॅल्शियम घटते व बाळाला झटके येतात. बहुधा २२ व्या गुणसूत्राचा लहानसा तुकडा गळालेला असतो. मात्र असा तुकडा गळालेल्या बहुतेक मुलांत थोडी तरी थायमस असते. ती मुळीच नसणे फार दुर्मिळ.

या बाळाची अस्थिमज्जा निरोगी असते. मग अडते कोठे? मज्जेतून निघालेल्या कोवळ्या पेशी थायमसमध्ये येतात. तेथे त्यांची जणू परीक्षा होते. आपल्याच शरीरावर उलटणाऱ्या आणि काहीच न ओळखणाऱ्या पेशी तेथेच मरतात. उत्तीर्ण होतात त्या थोड्या ‘टी’ पेशी. काही टी पेशी विषाणूंनी ग्रासलेल्या पेशी मारतात. काही ‘बी’ पेशींना प्रतिपिंडे बनवण्यास मदत करतात. म्हणजे शाळाच नसेल, तर विद्यार्थी असून उपयोग नाही! बाळात बी पेशी असतात, पण मदतीवाचून त्या दुबळ्या ठरतात. आपल्याकडे जन्मतःच देतात ती बीसीजीसारखी जिवंत जंतूंची लसही अशा बाळाला घातक ठरू शकते.

दुसऱ्याची अस्थिमज्जा देऊनही मूळ उणीव भरत नाही. हवी असते थायमसच. अन्य बालकांच्या हृदयावर शस्त्रक्रिया करताना वाट मोकळी करण्यासाठी थायमसचा भाग काढावा लागतो. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात त्याचे पातळ काप काही दिवस पोषक द्रवात ठेवून, त्यांतील दात्याच्या टी पेशी घटवून, ते बाळाच्या मांडीच्या स्नायूत बसवण्याची पद्धत विकसित झाली. २०२१ मध्ये तिला तेथील शासनाची मान्यता मिळाली. बाळाच्या कोवळ्या पेशी रक्तावाटे मांडीतल्या या शाळेत पोचतात. टी पेशी पुरेशा होण्यास सहा महिने ते वर्ष, कधी अधिकही काळ लागतो. तोवर बाळाला संसर्गापासून कसोशीने जपावे लागते.

आता विचार करा : प्रौढपणी थायमस काढली तरी प्राणी का तगतो? कारण आधी उत्तीर्ण झालेल्या टी पेशी दीर्घकाळ जगतात. शाळा बंद पडली, तरी तिचे विद्यार्थी कामावर असतात.