उतरवून घेतलेल्या फाइली : शोध, नाव आणि जपणूक

शेतीच्या व्यवहारात कागदपत्रांना पूर्वीपासूनच महत्त्व आहे. जमिनीचा उतारा, कर्जाचा करारनामा, खताच्या पावत्या, माती परीक्षणाची पत्रिका हे कागद शेतकरी आजवर पत्र्याच्या पेटीत किंवा भिंतीतील फडताळात जपून ठेवीत आला आहे. आता यांपैकी पुष्कळसे कागद फाइलीच्या रूपाने संगणकावर किंवा मोबाइलवर उतरवून घ्यावे लागतात. पेटी बदलली, परंतु कागद जपण्याची गरज बदललेली नाही. किंबहुना ती वाढली आहे. कारण पेटीतील कागद डोळ्यांना दिसतो, फाइल मात्र शोधल्यावाचून दिसत नाही.

महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरी असलेला सातबारा उतारा दिनांक १ मे २०१८ पासून ऑनलाइन मिळू लागला. भूमी अभिलेखाचे हे काम पुणे येथील जमाबंदी आयुक्त व संचालक, भूमी अभिलेख यांच्या कार्यालयाकडून चालते. ‘महाभूमी’ संकेतस्थळावर एका उताऱ्यास १५ रुपये शुल्क भरले म्हणजे उतारा उतरवून घेता येतो आणि त्यावर तलाठ्याच्या सही-शिक्क्याची आवश्यकता राहत नाही. ‘महाभूलेख’ संकेतस्थळावर विनामूल्य दिसणारा विनास्वाक्षरीचा उतारा केवळ माहितीसाठी असतो. हे दोन उतारे दिसण्यात सारखे असले, तरी कामकाजाच्या दृष्टीने सारखे नाहीत, हे प्रथमच ध्यानात घ्यावे.

पुणे शहराच्या परिसरात या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. महानगरपालिकेच्या हद्दीत २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावे घेण्यात आली. तेथील अनेक कुटुंबांची राहणी शहरी झाली असली, तरी त्यांच्या शेतजमिनीचे व्यवहार सातबाऱ्यावरच अवलंबून असतात. उताऱ्याखेरीज खाते उतारा (आठ-अ), पीक विम्याची पावती आणि अनुदानाच्या अर्जाची पोच हे कागदही फाइलीच्याच रूपाने हाती येतात. भारतीय हवामानशास्त्र विभागाची कृषी हवामान सल्ला पत्रिका मंगळवारी व शुक्रवारी निघते. ती नियमाने उतरवून घेतली, तर तिच्याच शंभराहून अधिक फाइली एका वर्षात साठतात.

एका चुकीची किंमत

समजा, एका शेतकऱ्याने मार्च महिन्यात वडिलांच्या नावाचा सातबारा उतरवून घेतला. पुढे वारसनोंदीचा फेरफार मंजूर झाला आणि उताऱ्यावर आई, भाऊ व बहीण यांची नावे लागली. जून महिन्यात पीक कर्जासाठी त्याने नवा उतारा उतरवून घेतला. दोन्ही फाइली एकाच ठिकाणी, जवळजवळ सारख्याच नावाने पडून राहिल्या. अर्जासोबत जोडताना घाईत जुनी फाइल जोडली गेली. अर्ज परत आला, चुकीचा उलगडा होईपर्यंत पंधरवडा गेला आणि तोवर पेरणीचा पाऊस होऊन गेला. उतारा खरा होता, शुल्क भरलेले होते, फेरफारही वेळेवर झालेला होता. उणीव एवढीच होती, की कोणती फाइल कोणती, हे ओळखण्याची खूण नव्हती.

दुसरा प्रकार याहूनही सर्रास घडतो. फाइल उतरली, परंतु ती गेली कोठे हे कळले नाही, म्हणून शेतकरी पुन्हा शुल्क भरून तोच उतारा घेतो. अशा वेळी फाइल बहुधा हरवलेली नसते. ती जागेवरच असते. ती जागा मात्र पाहिलेली नसते.

फाइल कोठे जाते

ब्राउझर म्हणजे संकेतस्थळे पाहण्याचे साधन होय. क्रोम, एज, फायरफॉक्स हे नेहमीच्या वापरातील ब्राउझर आहेत. ब्राउझरमधून एखादी फाइल उतरवून घेतली असता, वेगळी सूचना दिलेली नसल्यास, ती ‘डाउनलोड्स’ नावाच्या फोल्डरात जाऊन पडते. फोल्डर म्हणजे फाइली ठेवण्याचा कप्पा. ‘डाउनलोड्स’ हा कप्पा खळ्यासारखा समजावा. माल प्रथम तेथे उतरतो; परंतु तो कायम तेथेच ठेवावयाचा नसतो.

येथे एक भेद लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. फाइल पडद्यावर उघडणे आणि फाइल उतरवून घेणे या दोन निराळ्या क्रिया आहेत. पीडीएफ प्रकारची फाइल पुष्कळदा ब्राउझरमध्येच उघडते व वाचता येते. तेवढ्यावर समाधान मानून खिडकी बंद केली, तर हाती काहीच राहत नाही, असा प्रसंग येतो. म्हणून खाली रोख असलेल्या बाणाची खूण दाबून फाइल उतरवून घ्यावी व ती खरोखर आली आहे याची तेथेच खात्री करावी.

शोधण्याची रीत

संगणकावर पुढील क्रमाने शोध घ्यावा.

१. ब्राउझर उघडा ठेवून ‘कंट्रोल’ व ‘जे’ या दोन कळा एकत्र दाबाव्यात. विंडोज संगणकावर वरील तिन्ही ब्राउझरांत उतरवलेल्या फाइलींची यादी दिसते. सर्वांत अलीकडची फाइल सर्वांत वर असते.

२. यादीतील फाइलीजवळ फोल्डरची खूण असते. ती दाबली असता फाइल ज्या कप्प्यात आहे तो कप्पा उघडतो.

३. यादीत फाइल न आढळल्यास ‘विंडोज’ची कळ व ‘ई’ ही कळ एकत्र दाबून फोल्डरांची खिडकी उघडावी व ‘डाउनलोड्स’मध्ये जावे. तेथे फाइली तारखेनुसार लावाव्यात. नाव आठवत नसले, तरी दिवस बहुधा आठवतो.

मोबाइलवर ‘फाइल्स’ किंवा ‘माय फाइल्स’ नावाचे ॲप असते. त्यात ‘डाउनलोड्स’चा कप्पा पाहावा. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फाइली मात्र व्हॉट्सॲपच्या स्वतंत्र फोल्डरात जातात. त्या ‘डाउनलोड्स’मध्ये शोधून सापडल्या नाहीत, तर त्यात नवल नाही.

ही रीत पूर्ण केल्याशिवाय दुसऱ्यांदा शुल्क भरू नये.

अर्धवट आणि दुबार फाइली

फाइल उतरत असताना वीज गेली किंवा नेटवर्क तुटले, तर ती अर्धवट राहते. अशा फाइलीच्या नावाची शेपटी क्रोम व एजमध्ये ‘सीआरडाउनलोड’ अशी आणि फायरफॉक्समध्ये ‘पार्ट’ अशी असते. काम पूर्ण झाल्याखेरीज ती उघडत नाही. नावाची शेपटी बदलल्याने ती पूर्ण होत नाही. यादीतून ती पुढे चालू करून पाहावी. न झाल्यास पुसून पुन्हा उतरवून घ्यावी.

एकाच नावाची फाइल पुन्हा उतरवली, तर जुनी फाइल न मोडता ब्राउझर नव्या फाइलीच्या नावापुढे कंसात १, पुढच्या वेळी २, असे आकडे घालतो. कंसातील आकडा हा केवळ क्रम होय. त्यावरून मजकूर तोच आहे की बदललेला, हे समजत नाही. वरील उदाहरणातील शेतकऱ्याची फसगत येथेच झाली. म्हणून जोडण्यापूर्वी फाइल उघडून त्यावरील गट क्रमांक, खातेदारांची नावे व दिनांक वाचून पाहावा.

नाव कसे द्यावे

बियाण्याच्या पिशवीवर चिठ्ठी नसेल, तर जाणता शेतकरी ते बियाणे पेरीत नाही. फाइलीचे नाव ही तिची चिठ्ठीच होय. संकेतस्थळावरून आलेले नाव पुष्कळदा अक्षरे व आकडे यांचे लांबलचक मिश्रण असते. फाइल उतरताच तिला स्वतःचे नाव द्यावे. नावात दिनांक, कागदाचा प्रकार, गाव व गट क्रमांक या चार गोष्टी असाव्यात. उदाहरणार्थ –

२०२५-०६-१४ सातबारा मांजरी गट १२०

२०२५-०६-१४ आठ-अ मांजरी

२०२५-०७-२२ पीक विमा पावती खरीप

दिनांक लिहिताना प्रथम वर्ष, नंतर महिना व शेवटी दिवस लिहावा आणि महिना व दिवस दोन अंकी ठेवावा. असे केल्याने नावानुसार लावलेल्या फाइली आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. सर्व नावांत आकडे एकाच लिपीत असावेत.

येथे एक अडचण हमखास येते. ‘७/१२’ असे नाव लिहू गेल्यास संगणक ते स्वीकारीत नाही. कारण तिरकी रेघ ही फोल्डरांच्या पत्त्यात विभाग दाखविणारी खूण असल्याने फाइलीच्या नावात ती चालत नाही. यासाठी ‘सातबारा’ असे अक्षरांत लिहावे.

फाइलीचे नाव बदलल्याने तिच्यातील डिजिटल स्वाक्षरीस बाध येत नाही. कारण नाव हे वेष्टनासारखे असते, मजकूर तोच राहतो. याउलट उताऱ्याचा पडद्यावरून फोटो काढला, तर ते केवळ चित्र होते व स्वाक्षरी त्यात येत नाही. म्हणून मूळ पीडीएफ फाइल हीच जपावी.

कप्पे आणि प्रती

नाव दिल्यावर फाइल ‘डाउनलोड्स’मधून काढून योग्य कप्प्यात ठेवावी. ‘शेतीचे कागद’ असा एक मोठा कप्पा करून त्यात ‘जमीन’, ‘कर्ज’, ‘विमा व अनुदान’ आणि ‘सल्ला पत्रिका’ असे चार लहान कप्पे केल्यास साधारण कुटुंबाचे काम भागते. याहून अधिक कप्पे केल्यास शोधणे पुन्हा अवघड होते. हवामानाच्या जुन्या सल्ला पत्रिका हंगाम संपल्यावर पुसण्यास हरकत नाही. जमिनीचे जुने उतारे मात्र पुसू नयेत. त्यांसाठी ‘जुने’ असा वेगळा कप्पा करावा, म्हणजे ते नव्या उताऱ्यांत मिसळणार नाहीत.

मोबाइल पाण्यात पडतो, हरवतो किंवा जुना झाल्यावर विकला जातो. एकाच ठिकाणी ठेवलेली फाइल त्याबरोबर जाते. यास्तव महत्त्वाच्या प्रत्येक फाइलीच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी असाव्यात. एक मोबाइलवर असल्यास दुसरी पेनड्राइव्हवर किंवा स्वतःच्या ईमेलवर असावी.

दुसऱ्याच्या संगणकावर काम करताना

कामानिमित्त शहरात आलेला शेतकरी स्वारगेट, शिवाजीनगर यांसारख्या ठिकाणी झेरॉक्सच्या दुकानात किंवा नेटकॅफेत उतारा उतरवून त्याची छापील प्रत घेतो. छपाई झाल्यावर तो निघून जातो. फाइल मात्र त्या संगणकाच्या ‘डाउनलोड्स’मध्ये मागे राहते. तिच्याच शेजारी आधार कार्ड, बँकेचे पासबुक व सहीचा नमुना या फाइलीही पडलेल्या असतात. नंतर बसणाऱ्या कोणालाही त्या उघडता येतात.

ब्राउझरची गुप्त खिडकी वापरल्याने हा धोका टळत नाही. ती खिडकी बंद केल्यावर पाहिलेल्या संकेतस्थळांची नोंद ब्राउझरमध्ये राहत नाही, परंतु उतरवलेली फाइल राहते. त्याचप्रमाणे संगणकावर यादीतील नोंद काढणे म्हणजे फाइल पुसणे नव्हे. म्हणून जागेवरून उठण्यापूर्वी फाइल पेनड्राइव्हवर किंवा ईमेलवर घ्यावी. ती तेथे उघडते याची खात्री करावी. मग ‘डाउनलोड्स’मध्ये जाऊन ती निवडावी व ‘शिफ्ट’ आणि ‘डिलीट’ या कळा एकत्र दाबून पुसावी. नुसते ‘डिलीट’ दाबल्यास फाइल ‘रीसायकल बिन’मध्ये जाते व तेथून परत काढता येते. शेवटी ईमेल व संकेतस्थळ यांतून बाहेर पडावे.

मोबाइलवरील क्रोममध्ये प्रकार उलट आहे. तेथे ‘डाउनलोड्स’च्या यादीतून फाइल काढली, तर ती फाइलच पुसली जाते. हा भेद ठाऊक नसल्याने यादी साफ करण्याच्या भरात उतारे नष्ट होण्याचा संभव असतो.

अनोळखी फाइल उघडू नये

पीडीएफ फाइल कागदासारखी वाचावयाची असते. ‘एपीके’ अशी शेपटी असलेली फाइल मात्र कागद नसून मोबाइलवर बसविण्याचे ॲप असते. ‘पी. एम. किसान’ योजनेचे नाव देऊन अशा एपीके फाइली व्हॉट्सॲपवरून पाठविण्याचे व त्या उघडणाऱ्यांच्या बँक खात्यातील रकमा लुबाडण्याचे प्रकार अलीकडच्या वर्षांत घडले आहेत. लाभार्थ्यांची यादी किंवा हप्त्याची माहिती एपीके फाइलीतून येत नाही. अशी फाइल आल्यास ती न उघडता पुसावी व पाठविणाऱ्याच्या ओळखीवर विसंबू नये. कारण त्याचा मोबाइलही फसवणुकीत सापडलेला असू शकतो. रक्कम गेल्याचे आढळल्यास विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवावे व बँकेसही सूचना द्यावी.

कार्यकर्त्यांचे कर्तव्य

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्याने शेतकऱ्यास फाइल उतरवून देऊन थांबू नये. फाइल कोठे आली हे दाखवावे, नाव शेतकऱ्याच्या हातून लिहून घ्यावे व दुसरी प्रत त्याच्या डोळ्यांदेखत करावी. काम कार्यकर्त्याने केले, तर एक अर्ज पूर्ण होतो. शेतकऱ्याच्या हातून करवून घेतले, तर पुढील सर्व अर्जांची सोय होते. घरातील शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींना या कामी सोबत बसवावे. परंतु कागद कोणता व कशासाठी, हे घरच्या वडीलधाऱ्यांनाही ठाऊक असले पाहिजे.

धान्य घरात आल्यावर ते वाळवून, निवडून, खूण करून कणगीत भरल्याशिवाय शेतकरी स्वस्थ बसत नाही. उतरवून घेतलेल्या फाइलीचेही काम ती पडद्यावर दिसली म्हणजे संपत नाही. ती शोधली, वाचली, तिला नाव दिले, जागेवर ठेवली आणि परक्या जागेवरून पुसली, म्हणजेच ती खऱ्या अर्थाने घरी आली.

गावसभेत चर्चेसाठी प्रश्न

१. फाइल उघडणे व फाइल उतरवून घेणे यांत कोणता फरक आहे?

२. फाइलीच्या नावात ‘७/१२’ असे का लिहिता येत नाही? दिनांकात वर्ष प्रथम का लिहावे?

३. नावापुढे कंसात १ असलेली फाइल अर्जास जोडण्यापूर्वी काय तपासावे?

४. नेटकॅफेतून उठण्यापूर्वी कोणती कामे, कोणत्या क्रमाने करावीत?

५. पीडीएफ व एपीके या फाइलींत भेद कोणता?