घटक ३ : रंगमंचावरील शब्द आणि रंगमंचाबाहेरील शब्द ('मी अँड ऑर्सन वेल्स' या चित्रपटाच्या आधारे)

३.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला
• वाक्कृती ही संकल्पना चित्रपटातील प्रसंगांच्या आधारे स्पष्ट करता येईल.
• निष्फळ वचन आणि अप्रामाणिक वचन यांतील भेद सांगता येईल.

३.२ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, घरातून निघताना आपण 'येतो' असे म्हणतो. शब्दाचा कोशगत अर्थ येण्याचा असला, तरी त्या उच्चाराने घडणारी कृती निरोप घेण्याची असते. बोलणे ही अशा रीतीने एक कृतीच असते, हा विचार इंग्रज तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी मांडला. त्यांची यासंबंधीची व्याख्याने १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. नटाने रंगमंचावर दिलेले वचन मात्र एका विशिष्ट अर्थाने पोकळ असते, असे ते म्हणतात; कारण ते नटाला बांधून ठेवत नाही. या मताची कसोटी पाहण्यासाठी आपण एक चित्रपट विचारात घेऊ.

३.३ कथानक

रिचर्ड लिंकलेटर दिग्दर्शित हा चित्रपट (२००८) रॉबर्ट कॅपलो यांच्या कादंबरीवर आधारित आहे. काळ नोव्हेंबर १९३७, स्थळ न्यूयॉर्क. बावीस वर्षांचा ऑर्सन वेल्स मर्क्युरी थिएटरमध्ये शेक्सपिअरचे 'ज्युलियस सीझर' आधुनिक वेशात, तत्कालीन फॅसिझमकडे निर्देश करीत उभे करीत आहे. वेल्स आणि त्याचा हा प्रयोग ऐतिहासिक आहेत. सतरा वर्षांचा शाळकरी नायक रिचर्ड मात्र काल्पनिक आहे. त्याला योगायोगाने ब्रूटसचा सेवक ल्यूशियसची भूमिका मिळते. नाट्यसंस्थेत काम करणाऱ्या सोन्यावर त्याचे मन जडते आणि तिच्यावरूनच त्याचा वेल्सशी खटका उडतो. वेल्स त्याला काढून टाकतो. पुढे समेट करून भूमिका परत देतो. पहिला प्रयोग यशस्वी होतो आणि त्यानंतर रिचर्डला कळते, की आपली जागा गेली.

३.४ विवेचन

मूळ नाटकातील तंबूचा प्रसंग आठवा. वाद्य वाजवता वाजवता ल्यूशियसला झोप लागते. वाद्य मोडू नये म्हणून ब्रूटस ते हळूच काढून घेतो आणि मुलाला झोपू देतो. ब्रूटसची भूमिका वेल्सच करतो. म्हणजे ज्या मुलाला तो रंगमंचावर जपतो, त्यालाच रंगमंचाबाहेर दूर लोटतो. पोकळ ठरायला हवेत ते रंगमंचावरील शब्द. येथे पोकळ निघतात ते बाहेरचे.

समेटाच्या वेळी वेल्स रिचर्डला जे ऐकवतो, त्यात पुढील सहवासाचे आश्वासन गृहीत आहे. 'वचन देतो' हे शब्द न उच्चारताही वचन देता येते. असे आश्वासन खोट्या मनाने दिले असेल, तर ते वचनच नव्हे, असे विद्यार्थी अनेकदा उत्तरपत्रिकेत लिहितात. ऑस्टिन यांचे मत वेगळे आहे. वचन देण्याचा अधिकारच नसेल, तर कृती निष्फळ ठरते. परंतु मनात हेतू नसताना दिलेले वचन हा कृतीचा दुरुपयोग असतो. कृती घडलेली असते आणि बोलणारा तिच्याशी बांधलेला असतो. म्हणून रिचर्डने विश्वास ठेवला, यात त्याचा दोष नाही. उत्तरदायित्व वेल्सचे आहे.

रिचर्डचे वयात येणे ते याच अर्थाने. तो नाटकाचा द्वेष करू लागत नाही. त्या प्रयोगाची थोरवीही त्याच्या लेखी कमी होत नाही. माणसाची कला आणि माणसाचा शब्द यांची पारख वेगवेगळी करावी लागते, एवढे त्याला उमगते.

३.५ सारांश

शब्दाची सत्यता केवळ त्याच्या अर्थावर नव्हे, तर तो कोण, कोठे आणि कोणत्या बांधिलकीने उच्चारतो यावर अवलंबून असते.

३.६ स्वाध्याय

१. 'येतो' या उक्तीप्रमाणे कोशगत अर्थ आणि कृती भिन्न असलेली दोन मराठी उदाहरणे देऊन स्पष्ट करा.
२. वेल्सने दिलेले आश्वासन निष्फळ की अप्रामाणिक? सकारण लिहा.
३. आपण पाहिलेल्या एखाद्या मराठी नाटकातील वचनाचा प्रसंग निवडून त्याचे वाक्कृतीच्या दृष्टीने विश्लेषण करा.