इंग्रजी वाक्यातील ‘अणे’ : एका विरळ आडनावाचा विचार

मराठी आडनाव इंग्रजी वाक्यात जाते तेव्हा केवळ त्याची लिपी बदलत नाही. वाक्यातील त्याचे कार्यही बदलते. गोखले, रानडे यांसारख्या परिचित आडनावांच्या बाबतीत हा बदल सहसा जाणवत नाही. विरळ आडनावाच्या बाबतीत मात्र तो अभ्यासकाची दिशाभूल करू शकतो. यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे १८८० साली जन्मलेले माधव श्रीहरी तथा बापूजी अणे यांचे आडनाव या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. अणे हे १९२८ च्या ग्वाल्हेर साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, १९३० च्या जंगल सत्याग्रहाचे नेते, पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद आणि १९४८ ते १९५२ या काळात बिहारचे राज्यपाल होते. साहजिकच त्यांच्याविषयीची साधने मराठीइतकीच इंग्रजीतही विखुरलेली आहेत.

प्रथम वर्णांचा विचार. रोमन लिपीत हे आडनाव ए, एन, ई, वाय असे चार अक्षरांत लिहिले जाते. यातील अखेरचा ‘वाय’ निरर्थक नाही. तो नसता तर इंग्रजी वाचकाने अन्त्य ‘ई’ अनुच्चारित मानून ‘एन’ असा उच्चार केला असता. साने, माने, काळे या आडनावांच्या वाट्याला असे उच्चार येतातच. अन्त्य स्वर अशा रीतीने राखला गेला, तरी ‘ण’ आणि ‘न’ यांतील भेद लोपला आणि आरंभीचा स्वर ‘अ’ की ‘आ’ हेही अनिश्चित झाले. शिवाय ‘कोणताही’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाशी एकाच अक्षराचे अंतर उरले. वाक्याच्या मध्यभागी मोठे आद्याक्षर विशेषनामाची खूण पटवते. वाक्यारंभी तेवढाही आधार राहत नाही.

दुसरा विचार रूपांचा. मराठीत एकारान्त आडनावाला विकार होतो : अण्यांनी, अण्यांचे. अपरिचित वाचक त्यावरून ‘अण्या’ असे मूळ रूप कल्पण्याचा संभव असतो. म्हणून ‘अणे यांनी’ ही रचना अधिक सुरक्षित ठरते. इंग्रजीत नाव अविकृत राहते. कर्ता-कर्म हा संबंध शब्दांच्या क्रमावरून कळतो. ‘अण्यांचे घर’ यात एक आदरणीय व्यक्ती अभिप्रेत आहे की सारे कुटुंब, हे मराठीत संदर्भावरून ठरवावे लागते; इंग्रजीत एकवचन-अनेकवचनाच्या प्रत्ययांनी ते लेखनात वेगळे होते. उलट, ‘अणे म्हणाले’ यातील आदर मराठी क्रियापदच वाहते, तर इंग्रजी क्रियापद त्याविषयी मूक असते. तेथे ‘मिस्टर’ किंवा ‘श्री’ जोडावे लागते. ते गळले की आदरही गळतो.

तिसरा विचार उपाधींचा, आणि तो सर्वांत महत्त्वाचा. विदर्भात ‘बापूजी’ किंवा ‘लोकनायक’ म्हटले की अणे यांचे स्मरण होते. परंतु इंग्रजी वाक्यात नुसते ‘बापूजी’ लिहिल्यास अन्यप्रांतीय वाचकाला महात्मा गांधी अभिप्रेत वाटतात, आणि ‘लोकनायक’ म्हणताच जयप्रकाश नारायण. मराठीत आडनाव, उपाधी व क्रियापद मिळून जी ओळख पटवतात, तिचा सारा भार इंग्रजीत एकट्या आडनावावर पडतो.

म्हणून इंग्रजी साधनांतून मराठीत येताना रोमन अक्षरांवरून नाव ‘आने’ किंवा ‘अ‍ॅनी’ असे बनवणे ही किरकोळ चूक मानता येत नाही. सूचीतून ती व्यक्तीच नाहीशी होते. प्रबंधलेखकाने नावाचे मूळ रूप मराठी साधनावरून निश्चित करावे, इंग्रजीतील प्रथम उल्लेखात पूर्ण नाव द्यावे आणि जुन्या कागदपत्रांत यवतमाळचेही रोमन लेखन निराळे, ‘येओटमल’ असे वाचले जाईल असे, होते हे ध्यानात ठेवावे. जिल्ह्याच्या नावाचे लेखन पुढे बदलले. या आडनावाची चार अक्षरे मात्र तशीच राहिली. ती नीट वाचणे ही अभ्यासकाची जबाबदारी आहे.