औषधाची चाचणी : सहभागी होण्यापूर्वी

कोणतेही नवे औषध बाजारात येण्याआधी माणसांवर तपासून पाहावे लागते. यालाच क्लिनिकल ट्रायल म्हणजे औषधाची चाचणी म्हणतात. स्वखुशीने पुढे आलेल्या रुग्णांमुळेच आज आपल्याला अनेक औषधे मिळतात.

आपल्या इंदूरचा या विषयाशी जवळचा संबंध आहे. रुग्णांना पुरेशी माहिती न देता चाचण्या होतात, ही तक्रार घेऊन येथील स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. पुढे २०१३ मध्ये नुकसानभरपाईचे नियम आले आणि २०१९ मध्ये संपूर्ण नवी नियमावली लागू झाली.

चाचणी कुठे शोधावी?

भारतातील चाचण्यांची सरकारी नोंदवही सीटीआरआय या नावाने २००७ पासून इंटरनेटवर आहे. ती कोणालाही विनामूल्य पाहता येते. १५ जून २००९ पासून ही नोंदणी सक्तीची झाली. आजाराचे नाव टाकून शोधले, की चाचणी कोणत्या शहरात, कोणत्या रुग्णालयात आहे, कोणते रुग्ण घेतले जातात आणि भरती चालू आहे की संपली, हे समजते. ही नोंदवही इंग्रजीत आहे. तेव्हा वरच्या वर्गातील मुलांनी आजी-आजोबांना ती वाचून, मराठीत समजावून सांगावी. मात्र निर्णय आपल्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

चाचणी म्हणजे खात्रीचा उपचार नव्हे

अनेक चाचण्यांत रुग्णांचे दोन गट चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे पाडतात. एका गटाला नवे औषध, तर दुसऱ्याला प्रचलित औषध किंवा औषध नसलेली, तशीच दिसणारी गोळी मिळते. आपण कोणत्या गटात आहोत हे बहुधा रुग्णालाही सांगत नाहीत आणि डॉक्टरांनाही ठाऊक नसते. गुण येईलच असे नाही, त्रासही होऊ शकतो.

संमतीपत्र

संमतीपत्र रुग्णाला समजणाऱ्या भाषेत असलेच पाहिजे. ज्यांना मराठीच नीट कळते, त्यांनी मराठी प्रत मागावी. घाईने सही करू नये. नाही म्हटले तरी नेहमीचे उपचार थांबत नाहीत. मधेच बाहेर पडण्याचाही हक्क आहे, पण औषध एकाएकी बंद करण्याआधी डॉक्टरांना सांगावे. रुग्ण लहान असेल तर पालकांची संमती लागते. आयसीएमआरच्या सूचनांप्रमाणे सात वर्षांवरील मुलाचा स्वतःचा होकारही घ्यावा लागतो.

सहीपूर्वी हे विचारा

१. चाचणीचा सीटीआरआय नोंदणी क्रमांक काय?
२. एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का? तिचा संपर्क कोठे?
३. चाचणीत न जाता दुसरा कोणता उपचार आहे?
४. कोणता त्रास संभवतो? रात्री-अपरात्री फोन कोणाला करावा?
५. चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार व भरपाई कोण देणार?
६. चाचणी संपल्यावर औषध मिळत राहील का?

चाचणीसाठी लागणाऱ्या जादा तपासण्यांचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात, हेही ध्यानात ठेवावे.

विद्यार्थ्यांनी हे सहा प्रश्न वहीत उतरवून घरी वाचून दाखवावेत. घरात कोणी आजारी पडल्यावर एवढे सुचत नाही, म्हणून ही तयारी आधीच असलेली बरी.