दीर्घ दांपत्यप्रेम व वाजीकरण

विवाहास वीस वर्षे झालेला रुग्ण 'ताकदीचे औषध' मागतो, तेव्हा अश्वगंधा वा कौंचबीज लिहून देण्यापूर्वी थोडे थांबावे.

चरकसंहितेत वाजीकरणाध्यायाचे चार पाद असून त्यांत अनेक योग वर्णिले आहेत. तथापि पहिल्याच पादात, मनास हर्ष देणारी समानसत्त्व स्त्री हेच श्रेष्ठ वाजीकरण मानले आहे. हा निकष पतीसही तितकाच लागू करावा. रसायनाध्यायातील आचाररसायनात सत्य, अक्रोध व प्रियवचन यांचा समावेश आहे. दांपत्यासाठी हे नित्यसेवनीय रसायनच होय.

अमेरिकेतील गॉटमन व लेव्हेन्सन यांनी १९९२ मध्ये दाखविले, की स्थिर दांपत्यांत मतभेदाच्या बोलण्यातही एका कटु वर्तनामागे सुमारे पाच स्नेहपूर्ण वर्तने आढळतात. म्हणजे भांडणाचा अभाव नव्हे, तर स्नेहाचे आधिक्य प्रेम टिकविते.

चिकित्सेत पुढील क्रम ठेवावा :
१. मधुमेह, हृद्रोग, मद्यपान, निद्रानाश व चालू औषधे यांची चौकशी करावी.
२. पत्नीचे रजोनिवृत्तीविषयक त्रास विचारावेत.
३. उभयतांशी प्रथम स्वतंत्र, मग एकत्र बोलावे.
४. त्यानंतरच औषधयोजना करावी.

औषधविक्रेत्यांनीही वारंवार असे योग नेणाऱ्या ग्राहकास वैद्याकडे पाठवावे. त्यामागे लपलेला मधुमेह वेळीच सापडू शकतो. औषध धातूंना बल देईल. सौमनस्य मात्र उभयतांनीच जोपासावयाचे असते.