मंडळीचे पंच आणि सरकारचा विवाहकायदा

(वाचावयाचे भाग : मत्तय १९:३-९, रोम. १३:१-७, १ करिंथ ७:१०-१६)

चंद्रपूर व गडचिरोली ह्या जिल्ह्यांच्या जंगलभागात घरचे तंटे पंचांपुढे न्यावयाचे, ही रीत फार जुनी आहे. नवराबायकोचे पटेनासे झाले की पंच बसतात, देणेघेणे ठरते व सोडचिठ्ठी होते. ख्रिस्ती झालेली कुटुंबे हीच रीत मंडळीत घेऊन येतात; पंचांच्या जागी मंडळीचे वडील बसतात, इतकाच काय तो भेद. अशा बैठकीने ख्रिस्ती विवाह मोडतो काय? मोडत नाही, आणि का मोडत नाही हे प्रत्येक उपदेशकाने नीट समजून घेतले पाहिजे.

प्रथम विवाह लागतो कसा ते पाहू. सन १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे वधूवरांपैकी एकजण जरी ख्रिस्ती असला, तरी लग्न त्या कायद्याने अधिकार दिलेल्या इसमानेच लाविले पाहिजे. नाहीतर ते रद्द होय. (सन १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करणे हा मार्ग निराळा.) बिशपाच्या हातून दीक्षा मिळालेल्या पाळकास आपल्या मंडळीच्या नियमांप्रमाणे लग्न लावता येते. इतर पाळकांस सरकारी परवाना लागतो. उपदेशकास केवळ उपदेशक म्हणून हा अधिकार मुळीच नाही. सरकारने त्याच्या नावे परवाना दिला असेल तरच आहे. अधिकारावाचून लग्न लावणारास दहा वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. पावसाळ्यात नाल्यास पूर येतो, पाळक पलीकडे अडकतात, वऱ्हाडी मंडळी तर जमलेली असते. मग सर्वजण उपदेशकाच्या मागे लागतात. त्याने प्रार्थना करावी, जेवण होऊ द्यावे, परंतु लग्न लावू नये.

परवानेवाल्या इसमापुढे लग्न लागावयाचे तर मूळ कायद्यात वराचे वय १६ व वधूचे १३ वर्षांहून अधिक असले म्हणजे पुरे होते. सन १९७८ पासून वर २१ व वधू १८ वर्षांची पाहिजे. दोघांपैकी कोणाचाही पहिला नवरा अगर बायको हयात असता कामा नये. बाप्तिस्म्यापूर्वी गोंडी रीतीने झालेले लग्न बाप्तिस्म्याने तुटत नाही, हेही येथे ध्यानात ठेवावे. पौलाने करिंथकरांस ह्याच अडचणीविषयी लिहिले आहे.

आता लग्न मोडण्याविषयी. हा अधिकार सन १८६९ च्या घटस्फोट कायद्याने जिल्हा न्यायालयास, व जेथे कौटुंबिक न्यायालय आहे तेथे त्यास आहे. सन १९९६ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असे एक प्रकरण आले की, मंडळीच्या न्यायसभेने एका स्त्रीचा विवाह निरर्थक ठरविला होता व त्या भरवशावर तिने पुन्हा लग्न केले होते. दिवाणी न्यायालयाने पहिला विवाह मोडलेला नव्हता, म्हणून तिचा दुसरा विवाह रद्द ठरला. रोमन कॅथलिक न्यायसभांचे निर्णय कायद्याने मान्य व्हावेत, असा अर्जही त्याच न्यायालयाने सन २०१७ मध्ये फेटाळिला. एवढ्या मोठ्या न्यायसभांची ही गत, तर आपल्या पंचांच्या कागदाचे काय!

ह्याचा भार बहुधा स्त्रीवर पडतो. चिठ्ठीच्या बळावर जिच्याशी लग्न लाविले, ती कायद्याने पत्नी होत नाही. पती मृत्युपत्र न करिता वारला व मुले असली, तर सन १९२५ च्या वारसा कायद्याने ख्रिस्ती विधवेस एक तृतीयांश वाटा मिळतो. तो तिला मागता येत नाही. शिवाय पहिले लग्न कायम असता दुसरे करणे हा भारतीय न्याय संहितेप्रमाणे गुन्हा होय.

मग वडिलांच्या बैठकीस काहीच अर्थ नाही काय? आमच्या मते पुष्कळ आहे. समेट घडविणे, मारहाण करणाऱ्यास प्रभुभोजनापासून दूर ठेवणे, टाकलेल्या बाईच्या पोटापाण्याची तजवीज करणे, ही कामे न्यायालय करीत बसत नाही. उलट, न्यायालयाने घटस्फोट दिला तरी त्या मनुष्याचे दुसरे लग्न मंदिरात लावावे की नाही, हे मंडळीने आपल्या नियमांप्रमाणे पाहावे.

सन २००१ च्या दुरुस्तीपूर्वी हा कायदा स्त्रियांवर फार कठोर होता. पतीस पत्नीचा व्यभिचार दाखविणे पुरे होई. पत्नीस मात्र व्यभिचाराबरोबर क्रूरपणा किंवा त्याग असे आणखी काही सिद्ध करावे लागे. शिवाय जिल्हा न्यायाधीशाच्या हुकुमास उच्च न्यायालयाची मंजुरी लागे. आता क्रूरपणा अगर त्याग एवढ्यावरही अर्ज करिता येतो, व दोघांच्या संमतीनेही घटस्फोट मिळतो.

सिरोंचा किंवा भामरागडाहून गडचिरोलीस जाणे खर्चाचे आहे, आणि लोक पंचांकडे वळतात ते बहुतेक ह्यामुळेच. परंतु सन १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रियांस व अनुसूचित जमातींच्या लोकांस वकील फुकट मिळतो. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे अर्ज द्यावा; अर्ज लिहिता येत नसेल त्यास उपदेशकाने लिहून द्यावा.